अळणी ताट

पटो वा न पटो, हे घडलंय.

कुणाच्या मामाच्या मित्राची गोष्ट नाही ही. माझ्या मावसबहिणीच्या, शर्नेटच्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. आणि शर्नेट कशी बाई आहे सांगू? ती दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली काम करते. किडलेल्या दाढा, पू, रक्त, लोकांच्या तोंडाचे वास... सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. घरी येऊन त्याच हातानं मजेत जेवायची. किळस म्हणून तिला माहीतच नव्हती.

आता आहे. आता तिच्यासमोर कुणी कोंबडीचं नाव जरी काढलं, तरी ती उठून बाहेर जाते.

आणि रात्रबित्र काही नव्हती, बरं का. ऑक्टोबरातला शनिवार होता, दुपारची वेळ होती. जागा आमच्या जमैकाचा सेंट एलिझाबेथ परगणा. स्पर ट्रीचा घाट उतरलं की लाल मातीचा मुलूख लागतो, तिथली.

गाडीत तिघंजण होते.

शर्नेट गाडी चालवत होती. शेजारी अंकल बर्चेल. सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर बस हाकलेला, पोट सुटलेलं आणि तोंडाला कुलूप नाही. मांडीवर खाऱ्या माशाच्या भज्यांची तेलकट पिशवी. मागच्या सीटवर आँटी आयसिल्डा, सगळ्यांची आयसीआँटी. ती निवृत्त शाळाबाई. चर्चला जाताना हातमोजे घालणारी, आंबासुद्धा सुरीकाट्यानं खाणारी. चर्चच्या गाण्यात हे तिघं एकाच बाकापाशी उभे राहायचे. शर्नेट त्यांच्या निम्म्या वयाची, पण दोस्ती घट्ट होती. दर वर्षी एकदा किंग्स्टनहून निघायचं, पश्चिमेच्या किनाऱ्याला जायचं, मासे खायचे, परत यायचं.

शर्नेटची आई गेली तेव्हा ती कॉलेजात होती. ज्या आयसीआँटीनं तिला त्या दिवसांत मांडीवर घेऊन दोन-दोन घास भरवले, ती ही. रक्ताचं नातं काही नाही. पण शर्नेटला विचाराल तर जगात तिचं माणूस एकच.

म्हणून मार्चमध्ये जे झालं त्याची तिनं हाय खाल्ली होती. आयसीआँटीचं ब्लडप्रेशर भडकलं. तोंड एका बाजूला लोंबलं. लाळ गळायला लागली. वाचली कशीबशी. डॉक्टरांनी बजावलं, मीठ म्हणजे हिला विष. चिमूटभरसुद्धा नको. पुढच्या वेळी ही उठायची नाही.

तेव्हापासून बाई डब्यात उकडलेला भोपळा घेऊन फिरायची.

"आयसी, तुझा तो भोपळा बघून मला रडू येतं गं," बर्चेल भजं चावत म्हणाला. "एवढं अळणी खाण्यापेक्षा माणसानं सरळ मरावं."

"तू मर आधी, म्हाताऱ्या. तेल पुस हनुवटीवरचं. शर्नेट, बघू नकोस त्याच्याकडे, उलटी येईल."

असं चाललं होतं. हसत-खिदळत.

घाटाखाली मोठ्या रस्त्यावर पाणी भरलं होतं. गाड्या अडकलेल्या. बर्चेल म्हणाला, "वळव आतल्या रस्त्यानं. या डोंगरातली प्रत्येक शेळी मला ओळखते." शर्नेटनं वळवली.

शेळी काही दिसली नाही.

माणूसही दिसलं नाही.

बराच वेळ नुसती लाल माती, ऊस आणि बांबू. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, पण पाखराचा आवाज नव्हता. मग एका वळणावर फाटक दिसलं. आत अंगण. अंगणात बांबूचा मांडव, त्यावर नारळाच्या झावळ्या, खाली बाकं. आणि मांडवाच्या कडेला... चुलीवरच्या पातेल्यातून वाफ निघत होती.

"थडगं बांधलंय कुणाचं तरी!" बर्चेल खुश झाला. "चला, जेवायला चला."

आमच्याकडे माणूस गेलं की वर्षाभरानं त्याचं थडगं पक्कं बांधतात. मांडव घालतात, बकरा कापतात, आणि रस्त्यानं जाणारा परका माणूससुद्धा आत येऊन जेवतो. बोलावणं लागत नाही. मयताच्या अंगणातून कुणाला उपाशी पाठवत नाहीत. त्यामुळे बर्चेलचं काही चुकलं, असं मी म्हणणार नाही. मीही उतरले असते.

फाटकाशी उभं राहून त्यानं हाक दिली. "कुत्रं धरा हो!"

आमच्याकडे दुसऱ्याच्या अंगणात शिरताना असंच ओरडतात. आधी कुत्रं भुंकतं, मग माणूस येतं.

"कुत्रं धरा!"

काहीच भुंकलं नाही.

"कुत्रं धरा, पाहुणे आलेत!"

...काही नाही. पातेल्याचं झाकण तेवढं खडखडलं.

"सगळे कबरीपाशी गेले असतील," बर्चेल म्हणाला आणि आत घुसला. शर्नेट मागोमाग गेली. आणि मांडवाखाली गेल्यावर तिनं वर बघितलं.

झावळ्या वाळून तपकिरी झाल्या होत्या. हात लावला तर चुरा. हा मांडव आजचा नव्हता. कालचाही नव्हता.

मोठा हंडा एका बाजूला पडला होता. बर्चेलनं आशेनं झाकण उचललं... आणि लगेच टाकलं. आत गंज, हिरवट पाणी आणि त्यात फुगून पांढरी पडलेली पाल.

"शी! काय गलथान लोक आहेत!"

पण छोट्या पातेल्यात वाफ होती. ते तीन दगडांवर वेगळं ठेवलेलं. वर निळ्या काठाची चिनीमातीची ताटली पालथी घातलेली. शर्नेटनं खाली वाकून बघितलं. चुलीत लाकूड नव्हतं. राख होती, आणि राख पावसानं भिजलेली. राखेवरून एक गोगलगाय सावकाश चालली होती, मागे चिकट रेघ सोडत.

वर पातेलं रटरटत होतं.

"अंकल, आपण जाऊ या," ती म्हणाली.

"थांब गं, वास तरी घे!"

तिनं घेतला. ओल्या पिसांचा वास होता. कोंबडी पाण्यात बुडवून पिसं उपटतात ना, तसा. आत पांढरा भात आणि पांढरीफटक कोंबडी, डोक्यासकट, पायांसकट. ना मिरची, ना मसाला, ना कांद्याची पात. वर चरबीचा जाड थर. उकळत्या पातेल्यात थिजलेली चरबी.

बर्चेलनं एक घास घेतला आणि क्षणात फुर्रकन जमिनीवर थुंकला. "थू, थू! मीठ नाही यात! रांधणारी झोपली होती का?" त्यानं घाईघाईनं एक भजं तोंडात कोंबलं.

आयसीआँटीचे डोळे चमकले.

"मीठ नाही? खरंच?" तिनं पातेल्यात बोट बुडवून चाटलं. बोट! शर्नेटनं तिला कधी बोट चाटताना बघितलं नव्हतं. "अगं बाई! अरे, हे तर माझ्यासाठीच रांधलंय! सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझा विचार केला बघा."

आणि ती बसली. निळ्या काठाची ताटली सुलटी केली, वाढून घेतलं, आणि खायला लागली.

शर्नेट सांगते, "मला तिथं उभं राहवेना. पण नजरही हलेना."

काटा नाही, चमचा नाही. हातानं. पाच बोटांनी भात कालवून, मुटके करून, तोंडात. चरबी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. तिनं कोपर चाटलं. कोंबडीचे पाय नखांसकट चोखले. मग डोकं उचललं, तुरा दातात धरला आणि ओढला...

ज्या हातांनी शर्नेटला घास भरवले होते, ते हात.

"आँटी, पुरे ना."

"किती गोड आहे गं," तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली.

आणि मग शर्नेटला माश्या दिसल्या. बर्चेल थुंकला होता त्या घासावर माश्यांचा काळा पुंजका बसला होता. बाकांवर माश्या. त्याच्या भज्यांच्या पिशवीवर माश्या. आयसीआँटीच्या ताटावर मात्र... एकही नाही. तिकडे वळलेली माशी अर्ध्यातून परत फिरत होती.

बर्चेल लघवीला घरामागे गेला होता. तो परत आला तो धावतच, पँटचं बटण न लावता. सत्तरीचा माणूस, एवढं पोट घेऊन धावत.

"आयसी! किती खाल्लंस? आयसी!"

"सगळं," ती म्हणाली आणि ताटली चाटली.

त्यानं शर्नेटला बाजूला ओढलं. घरामागे थडगं होतं. चुना लावलेलं. त्यासमोर एक छोटं टेबल, वर पांढरं कापड, पाण्याचा पेला, चमचा, सगळं मांडलेलं. मधली जागा तेवढी मोकळी. एका ताटलीपुरती.

"मेलेल्याचं ताट होतं ते," बर्चेल म्हणाला. "जित्यांचा हंडा वेगळा, मेलेल्यांचं पातेलं वेगळं. त्यात मीठ घालत नाहीत. रांधणारीसुद्धा चाखत नाही. मी गाढव, मी गावाकडचा, मला कळायला हवं होतं!"

भुतं मीठ खात नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आयसी शहरातली, शिकलेली. असलं काही कानावर आलं तर ती "गावंढळपणा" म्हणून नाक मुरडायची.

"आता काय?" शर्नेटनं विचारलं.

"दिवस मावळायच्या आत तिच्या पोटात मीठ गेलं पाहिजे. नाहीतर ती त्यांची. माझी आजी सांगायची."

"अहो, मीठ गेलं तर ती मरेल!"



दोघांनी तिला उचलूनच गाडीत बसवलं. गाडीत तो वास भरून राहिला, ओल्या पिसांचा. काचा उघडल्या तरी जाईना. आयसीआँटी मागे बसून दातांतलं काहीतरी जिभेनं काढत होती. चट्... चट्... चट्...

थोडं पुढे सार्वजनिक नळावर एक बाई बादली भरत होती. शर्नेटनं गाडी थांबवून विचारलं, त्या मांडवाच्या घरात कोण राहतं?

"तिथं? कुणी नाही. म्हातारीचं थडगं बांधायला लेकरं विलायतेहून आली होती ऑगस्टात. बांधलं, जेवली, गेली. कुलूप आहे."

"मग आज रांधलं कुणी?"

बाईची नजर मागच्या सीटवर गेली. आयसीआँटी तिच्याकडे बघून छान हसली. बाईनं बादली तिथंच ओतली, अर्धी भरलेली, आणि पाठ फिरवून चालायला लागली. मागे वळून बघितलं नाही.

"भजं दे तिला," बर्चेल कुजबुजला. "खारा मासा आहे. दे."

शर्नेटनं पिशवी मागे केली. आयसीआँटीचा चेहरा आक्रसला. तिला उमासेच यायला लागले. "शी! शी! काय सडलंय ते! गटाराचा वास येतोय, फेका ते बाहेर!" तिच्या डोळ्यांत खरीखुरी किळस होती. ताजी भजी ती. आणि हिनं आत्ता काय खाल्लं होतं...

"आँटी, एकच तुकडा. माझ्यासाठी."

"डॉक्टरांनी नको म्हटलंय, पोरी."

खरंच तर म्हटलं होतं.

ऊन उसाच्या शेंड्यांवर आलं. बर्चेलनं गाडी थांबवायला लावली. तो मागे गेला आणि आयसीचे दोन्ही हात धरले. "शर्नेट, उघड तिचं तोंड. तुझं रोजचं काम आहे. उघड!"

होतंच रोजचं. घाबरलेली पोरं तोंड मिटून बसतात, तेव्हा शेवटच्या दाढेमागे अंगठा घालायचा आणि खाली दाबायचं. जबडा उघडतोच. शर्नेटनं डाव्या हातात भजं धरलं, उजवा अंगठा गालातून आत सरकवला.

आतून तोंड गार होतं.

आजारी माणसाचं गार नाही. पाणी पाजलेल्या मातीचं गार. आणि अंगठ्याला काहीतरी चिकटलं. तिनं बघितलं. ओलं, पांढरं, बारीक पीस.

तरी तिनं अंगठा काढला नाही. दाबला. जबडा हलला. आता नुसतं भजं आत ढकलायचं बाकी होतं.

तेव्हा आयसीआँटी तिच्या नेहमीच्या आवाजात बोलली. अंगठा तोंडात असताना, अगदी स्पष्ट.

"मारशील गं मला, पोरी. मार्च विसरलीस?"

शर्नेटला ते लोंबलेलं तोंड आठवलं. ती गळणारी लाळ. डॉक्टरांचं उगारलेलं बोट. पुढच्या वेळी उठायची नाही.

"मला मारू नकोस गं, बाळ."

तिनं अंगठा काढून घेतला.

"घाल गं, घाल!" बर्चेल रडकुंडीला आला होता. "शर्नेट, सूर्य बघ!"

तिला घालवेना. तुम्ही घातलं असतं? मी स्वतःला खूपदा विचारलंय. सांगता येत नाही.

उसामागे दिवस मावळला. आयसीआँटीनं एक लांब श्वास सोडला आणि बर्चेलच्या हातातून हात अलगद सोडवून घेतले. मग रुमालानं ओठ टिपले, पूर्वीसारखे, व्यवस्थित.

"चला घरी," ती म्हणाली.

काही झालं नाही हो. तेच तर. ती मेली नाही, पडली नाही, अंगात आलं नाही. किनारा राहिला, तिघं परतले. पुढच्या तपासणीला डॉक्टर थक्क. ब्लडप्रेशर पंचविशीतल्या पोरीचं! "बाई, असंच पथ्य पाळा," म्हणाले. तिला दाखवून दुसऱ्या पेशंटना शिकवायला लागले.

शर्नेटला इतका आनंद झाला की तिनं मला फोन केला. "वाचली गं! बरं झालं मी म्हाताऱ्याचं ऐकलं नाही."

मग ती दर रविवारी जायला लागली.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की पुढच्या ऑगस्टच्या घामट उकाड्यात सगळं किंग्स्टन निथळत असताना आयसीआँटीला घामाचा थेंब नाही. मग लक्षात आलं की तिच्या स्वयंपाकघरात माशी नाही, मुंगी नाही, झुरळ नाही. सिंकमध्ये पिसं मात्र असायची. कोंबडी दिसायची नाही, पिसं दिसायची. भिंतीला, टॉवेलला, एकदा तर बायबलच्या पानाला चिकटलेलं. आणि तो वास. आयसीआँटीनं मिठी मारली की शर्नेट श्वास रोखून धरायची, आणि श्वास रोखला म्हणून घरी जाऊन रडायची.

बर्चेलनं तिच्याकडे जाणं केव्हाच सोडलं होतं. चर्चमध्येही तो बाक बदलून बसतो.

गेल्या रविवारी आयसीआँटीनं टेबल मांडलं होतं. पांढरं कापड. पाण्याचा पेला. समोर पांढरा भात, पांढरी कोंबडी.

"तू माझ्याकडे कधी जेवतच नाहीस," ती म्हणाली.

"भूक नाही, आँटी."

"एक घास."

"नको गं. खरंच नको."

आयसीआँटीचा चेहरा एकदम विरघळला. ती रडायला लागली. लहान मुलासारखी, खांदे हलवत. शर्नेटला राहवलं नाही. वास विसरून तिनं तिला कवेत घेतलं, गालाला गाल लावला. आयसीआँटीच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या ओठावर आलं. तिनं नकळत ओठ चाटले...

काहीच चव नव्हती.

ज्याला डोळ्यांचं पाणी म्हणतात त्यात खारटपणाचा कणसुद्धा नव्हता. अळणी. पूर्ण अळणी.

शर्नेट थिजली. आयसीआँटीनं तिच्या कानाशी तोंड नेलं. आवाज तोच होता, तिला घास भरवणारा. खूप लांबून येत होता.

"तेव्हा उघडायचं होतंस गं माझं तोंड," ती म्हणाली. "नको म्हणणारी मी नव्हतेच."

शर्नेटनं हे मला काल सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात बसून. मी तिच्यासमोर जेवण ठेवलं. तिनं घास घेतला, बराच वेळ चावला, आणि मिठाची बरणी पुढे ओढली. पुन्हा चावलं. पुन्हा मीठ घातलं.

"कमी आहे का गं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि बरणीत पुन्हा हात घातला.

माझ्या हातचं मीठ आजवर कधी कमी पडलेलं नाही.